बोल्टच्या डोक्यावरचे आकडे : प्रस्तावना

पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर नट-बोल्टच्या दुकानापाशी थोडा वेळ उभे राहिले की गिऱ्हाईक काय मागते ते ऐकू येते. ‘दहाचा बोल्ट द्या, दोन इंची.’ फार तर ‘बारीक आट्यांचा’ एवढी पुस्ती. जाडी सांगितली जाते, लांबी सांगितली जाते, ग्रेडचा मात्र उल्लेख होत नाही. दुकानदार जाणकार असला तर ‘हाय टेन्साइल देऊ का?’ असे विचारतो, गिऱ्हाईक ‘हो, चांगलाच द्या’ म्हणते आणि व्यवहार संपतो. ब्रेकचा कॅलिपर किंवा सस्पेन्शनचा आर्म पुढची कित्येक वर्षे धरून ठेवणाऱ्या बोल्टची निवड अशी अर्ध्या मिनिटात होऊन जाते.

या निवडीत दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली सगळ्यांना कळते: जिथे कडक बोल्ट हवा तिथे साधा बसवणे. दुसरी चूक चांगल्या हेतूने होते आणि म्हणूनच ती टिकून आहे: जिथे ८.८ होता तिथे ‘आणखी पक्का’ म्हणून १२.९ बसवणे आणि निश्चिंत होणे. या पुस्तकाचे सगळे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर ते असे: सर्वांत मजबूत बोल्ट कोणता, हे शोधत बसू नये, त्या जागेसाठी गाडी बनवणाऱ्याने कोणता बोल्ट ठरवला होता आणि तो किती आवळायला सांगितला होता, ते शोधावे. ग्रेड आणि आवळण्याचे माप ही जोडी आहे. त्यातले एक बदलून दुसरे तसेच ठेवले की हिशेब बिघडतो.

आधी आकडे. एखादा बोल्ट हातात घेऊन त्याचे डोके उजेडाकडे तिरके धरा. दोन खुणा दिसतील. एक कारखान्याची, म्हणजे दोन-तीन अक्षरे किंवा छोटे चिन्ह. दुसरी आकड्यांची: ८.८, १०.९ किंवा १२.९. आयएसओ ८९८-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आणि आपल्याकडच्या आयएस १३६७ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे ही वर्गवारी होते. मधले टिंब पाहून हा दशांश अपूर्णांक समजू नये. हे दोन वेगवेगळे आकडे आहेत. पहिल्याला शंभराने गुणले की त्या पोलादाची तुटण्याची ताकद मिळते, दर चौरस मिलिमीटरला इतके न्यूटन. दुसरा आकडा सांगतो की त्या ताकदीच्या किती दशांशापर्यंत बोल्ट ताणला तरी सोडल्यावर तो मूळ लांबीवर परत येतो. ८.८ म्हणजे तुटायला ८०० आणि कायमचा लांबायला लागण्याची सीमा त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४०. १०.९ म्हणजे १००० आणि ९००. १२.९ म्हणजे १२०० आणि १०८०.

हे आकडे वजनात मांडले की त्यांचा अर्थ लगेच भिडतो. १० मिलिमीटर जाडीच्या, दीड मिलिमीटर आट्यांच्या बोल्टचे भार पेलणारे क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर धरतात. या हिशेबाने ४.६ चा बोल्ट सुमारे २,३५० किलोंच्या ओढीला तुटेल, ८.८ चा सुमारे ४,७०० किलोंना, १०.९ चा सुमारे ५,९०० किलोंना आणि १२.९ चा सुमारे ७,१०० किलोंना. चौघे शेजारी ठेवले तर जाडी तीच, आटे तेच, चौघांना नटही तोच चढतो. पहिल्या आणि शेवटच्या बोल्टच्या ताकदीत तिपटीचा फरक आहे आणि तो डोळ्यांना दाखवणारी खूण फक्त डोक्यावर आहे. ५ मिलिमीटर आणि त्याहून जाड षटकोनी बोल्टवर ही खूण असलीच पाहिजे, असे मानक सांगते. ज्या बोल्टच्या डोक्यावर काहीच नाही, त्याच्या कारखान्याने तुम्हाला कसलाही शब्द दिलेला नाही.

नटाचेही असेच आहे, पण तिकडे कोणी पाहत नाही. ८, १०, १२ असे आकडे नटावर असतात आणि नटाचा आकडा बोल्टच्या पहिल्या आकड्याइतका किंवा त्याहून मोठा असावा लागतो. १०.९ चा महागडा बोल्ट आणून त्यावर डब्यातला कुठलाही जुना नट चढवला, तर आवळताना नटाचे आटे जातात. मग ‘बोल्टच खराब होता’ असे म्हणून सगळे मोकळे होतात.

आता बोल्ट नेमके काय काम करतो ते पाहू, कारण ग्रेडविषयीचे बहुतेक गैरसमज इथे जन्मतात. चाकाचे नट पाहून आपल्याला वाटते की गाडीचे ओझे त्या स्टडांवर टेकलेले आहे. खरे म्हणजे नट आवळल्यावर चाक हबवर दाबले जाते आणि त्या दोन पृष्ठभागांमधले घर्षण ओझे पेलते. बोल्टचे काम दाब कायम ठेवण्याचे. ट्रकवरचा माल हलत नाही तो दोर जाड आहे म्हणून हलत नाही असे नव्हे, दोर ताणून बांधलेला आहे म्हणून हलत नाही. जाड पण सैल दोर पहिल्याच वळणावर माल सांडतो. बोल्टही ताणला गेला तरच कामाचा. नीट आवळल्यावर ५० मिलिमीटरचा बोल्ट मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढा लांबतो आणि मूळ लांबीवर येण्याच्या त्याच्या धडपडीतून दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. ताण कमी राहिला तर रस्त्याचा प्रत्येक हादरा बोल्टला थेट बसतो, तो हळूहळू थकतो आणि एके दिवशी तुटतो. तुटलेला तुकडा पाहून ‘कमजोर होता’ असा निकाल दिला जातो. वास्तविक तो सैल होता.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की सगळ्या ग्रेडचे पोलाद ताणले जाण्याला जवळजवळ सारखाच विरोध करते. १२.९ चा बोल्ट ८.८ पेक्षा कमी लांबतो असे नाही. त्याला अधिक ताणता येते, इतकेच. म्हणून ८.८ च्या जागी १२.९ बसवला आणि टॉर्क रेंच पूर्वीच्याच आकड्यावर ठेवला, तर पकड पूर्वीइतकीच राहते. पैसे जास्त गेले, हाती नवे काही आले नाही. आणि नव्या ग्रेडला शोभेल इतका जोर लावला, तर तो जोर समोरच्या आट्यांना आणि मधल्या गॅसकेटला सोसेलच याची हमी कोणी दिलेली नाही.

आवळण्याच्या मापाबद्दलही थोडे सांगायला हवे. पान्यावर आपण जो जोर लावतो त्यातला ढोबळमानाने निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. घर्षणात थोडा फरक पडला की या दहा टक्क्यांत मोठा फरक पडतो. कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क तेल लावलेल्या आट्यांवर वापरला तर ताण तीसेक टक्क्यांनी वाढू शकतो. गंजलेल्या आट्यांवर तोच टॉर्क लावला तर रेंच ‘टक्’ करतो, पण पकड मात्र अपुरी राहते. १० मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला कोरड्या अवस्थेत साधारण ५० न्यूटन-मीटर पुरतात. लहान मोटारींच्या चाकांच्या नटांना बहुधा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास सांगितलेले असतात. आता पंक्चरच्या दुकानात काय होते ते आठवा. सत्तर किलोंचा माणूस ३० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी २०० न्यूटन-मीटरच्या वर जोर पडतो, आणि तो तर वर उभा राहून एक उडीही मारतो. त्या स्टडचा ग्रेड कितीही असो, तो ताणाच्या सीमेकडे ढकलला जातो आणि पुढच्या पंक्चरला पुन्हा तेच.

वरचा ग्रेड नुकसान करतो अशा जागाही आहेत. इंजिन आणि गिअरबॉक्सची अनेक घरे ॲल्युमिनियमची असतात. तिथे पोलादी बोल्टपेक्षा समोरचे आटेच नाजूक असतात आणि जोर वाढला की ते उपटून येतात. मग हेलिकॉइल घालण्याचे काम निघते. काही इंजिनांत तर कारखान्याने मुद्दाम ‘कमजोर’ वाटणारे बोल्ट योजलेले असतात. बीएमडब्ल्यूच्या एन५२ इंजिनाचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे. साधा पोलादी बोल्ट मॅग्नेशियमला लागून राहिला की ओलाव्यात मॅग्नेशियम झिजू लागते, म्हणून तिथे ॲल्युमिनियमचे बोल्ट वापरले आणि ते एकदा काढले की टाकून द्यायचे असा नियम केला. त्या जागी कोणी ‘पक्का’ पोलादी बोल्ट बसवला, तर तो ताकदीच्या नावाखाली इंजिनच खातो.

कडक पोलादाची आणखी एक खोड आहे आणि ती आपल्या किनारपट्टीवर विशेष लक्षात ठेवावी. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने बोल्ट लवकर गंजतात, म्हणून काळे १२.९ चे अलन बोल्ट जवळच्या प्लेटिंगवाल्याकडून जस्त चढवून घेण्याची कल्पना कोणाच्याही डोक्यात येईल. आम्लाने धुताना आणि विजेने जस्त चढवताना हायड्रोजन पोलादात शिरतो. ४.६ किंवा ८.८ च्या मानाने मऊ पोलादाला तो सहसा त्रास देत नाही. १२.९ इतके कडक पोलाद मात्र त्याने आतून ठिसूळ होते आणि आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, गाडी जागेवर उभी असतानाही, बोल्टचे डोके उडू शकते. जाणते कारखाने असे बोल्ट प्लेटिंगनंतर तासन्‌तास भट्टीत तापवून हायड्रोजन काढतात, किंवा हायड्रोजन शिरणारच नाही असे वेगळे लेपन वापरतात. गल्लीतल्या प्लेटिंगमध्ये हे होईल असे धरून चालू नये.

गंजावरचा दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे स्टेनलेस स्टील. चकचकीत ‘एसएस’ बोल्टवर बहुधा ए२-७० असे लिहिलेले असते. यातले ७० म्हणजे ७०० ची तुटण्याची ताकद, पण कायमचा लांबायला लागण्याची सीमा ४५० च. ८.८ च्या ६४० शी तुलना केली की तो किती मागे आहे ते दिसते. शिवाय स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा आवळला तर आटे एकमेकांना घट्ट चिकटतात आणि कापूनच काढावे लागतात. नंबरप्लेटला, मडगार्डला, आतल्या पॅनेलला स्टेनलेस खुशाल लावावे. कॅलिपरला आणि लोअर आर्मला लावू नये.

महाराष्ट्रात जुन्या गाड्या हाताळणाऱ्यांना आणखी एक गुंता सोडवावा लागतो. महिंद्राची जुनी जीप अमेरिकन विलीसच्या घराण्यातली, तिचे आटे इंची. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी इटालियन फियाटच्या घराण्यातली, तिचे आटे मिलिमीटरचे. म्हणून जुन्या गॅरेजांत पान्यांचे दोन संच भिंतीवर टांगलेले असत. अमेरिकन पद्धतीच्या इंची बोल्टच्या डोक्यावर आकडे नसून रेघा असतात: तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. रेघांत दोन मिळवले की ग्रेड मिळतो. इथे हमखास फसगत होते. इंची ‘ग्रेड ८’ हा मिलिमीटरच्या ८.८ सारखा नसून १०.९ च्या जवळचा आहे; ८.८ ची जोडी लागते ती ग्रेड ५ शी. जीपच्या सहा रेघांच्या बोल्टला ‘आठचा’ म्हणून कोणी ८.८ दिला तर एक पायरी खाली उतरणे झाले. शिवाय पाव इंच आणि सोळांश यांच्या जगातला ५/१६ चा बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाड असतो, आठच्या छिद्रात एक-दोन फेरे गुण्यागोविंदाने जातो आणि मग अडतो. तिथे पान्याचा जोर लावणारा माणूस आटे कापत असतो. आधुनिक गाड्याही यातून पूर्ण सुटलेल्या नाहीत. बाकी सगळे आटे मिलिमीटरचे असलेल्या अनेक गाड्यांत सीट बेल्टच्या टोकाचा बोल्ट मात्र ७/१६ इंची, वीस आट्यांचा असतो. तिथे अकराचा किंवा बाराचा मारून बसवलेला बोल्ट सापडला, तर तो बेल्ट नसल्यासारखाच समजावा.

‘जुना बोल्ट घेऊन जा आणि तसाच आण’ हा सल्ला घराघरांत आणि गॅरेजागॅरेजांत दिला जातो. सल्ला वाईट नाही, पण पुरेसाही नाही. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या उड्डाणात वैमानिकासमोरची काच हवेत निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवल्यामुळे तो वाचला आणि विमान सुखरूप उतरले. आदल्या दिवशी ती काच बदलली होती. चौकशीत आढळले की ९० पैकी ८४ बोल्ट व्यासाने इंचाच्या सुमारे २६ सहस्रांशांनी बारीक होते आणि उरलेले सहा आखूड होते. दुरुस्ती करणाऱ्याने पुस्तकातला क्रमांक पाहण्याऐवजी जुन्या बोल्टशी नजरेने मेळ घातला होता. त्यावर कडी म्हणजे काढलेले जुने बोल्टसुद्धा मुळात चुकीच्याच लांबीचे होते. इथे चूक मापाची होती, ग्रेडची नव्हती. पण धडा ग्रेडला तंतोतंत लागू पडतो. तुमच्या आधी त्या गाडीला कोणीतरी हात लावलेला असू शकतो, आणि निघालेला बोल्ट हा कारखान्याचा असेलच असे नाही.

खूण असली म्हणजे झाले, असेही नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या बाजारात ग्रेड ८ ची सहा रेघांची खूण घेऊन आलेले बोल्ट तपासले गेले, तेव्हा त्यांतले कित्येक स्वस्त बोरॉन पोलादाचे निघाले. थंड असताना त्यांची ताकद ठीक, तापल्यावर मात्र ती ओसरायची. संसदेत सुनावण्या झाल्या आणि १९९० मध्ये तिथे फास्टनर क्वालिटी ॲक्ट हा कायदा आला. त्यातून आपण घ्यायचे ते एवढेच: ग्रेडच्या आकड्याशेजारी कारखान्याची खूणही असायला हवी. आकडा आहे पण कोणाचा ते कळत नाही, असा बोल्ट महत्त्वाच्या जागी लावू नये. जिथे गाडीच्या कंपनीचा सुटा भाग मिळतो, तिथे तोच घ्यावा. एका बोल्टमागे वाचणारी रक्कम चहाच्या बिलाइतकी असते.

हे पुस्तक आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे काम शिकणाऱ्यांसाठी, गॅरेजमधल्या मिस्त्रींसाठी, सुट्या भागांच्या काउंटरवर उभे राहणाऱ्यांसाठी आणि रविवारी स्वतःच्या गाडीखाली शिरणाऱ्या हौशी मालकांसाठी आहे. पहिल्या भागात बोल्ट, नट, स्टड आणि वॉशर यांवरच्या खुणा वाचायला शिकवले आहे. स्टडच्या टोकावर आकड्यांऐवजी गोल, चौकोन किंवा त्रिकोण दिसला तर तो अनुक्रमे ८.८, १०.९ आणि १२.९ समजावा, अशा सहसा न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी तिथे सापडतील. चपट्या गोल डोक्याच्या अलन स्क्रूवर ०१०.९ असे लिहिलेले असते, त्यातल्या पहिल्या शून्याचा अर्थ ‘पोलाद त्या ग्रेडचे, पण डोके पूर्ण भार घेणार नाही’ असा आहे, हेही तिथेच येते. दुसरा भाग आवळण्याचा: टॉर्क, कोनाचे माप, तेल, थ्रेड-लॉक. तिसऱ्या भागात गाडीचा एकेक भाग घेऊन, चाके, ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, इंजिन हेड आणि सीट बेल्ट या क्रमाने, काय पाहायचे ते दिले आहे.

इंजिन हेडचे प्रकरण सावकाश वाचावे अशी विनंती आहे. तिथले बरेचसे बोल्ट मुद्दाम लांबण्याच्या सीमेपलीकडे ताणून बसवलेले असतात आणि एकदा काढले की त्यांचे आयुष्य संपते. ओळखण्याची सोपी रीत आहे. काढलेला बोल्ट आणि त्याच मापाचा नवा बोल्ट यांचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरा. आटे शेवटपर्यंत एकजीव बसले तर ठीक. मध्येच फट दिसू लागली आणि उजेड आरपार आला, तर तो बोल्ट तिथे लांबला आहे. मात्र फट दिसली नाही म्हणून तो पुन्हा वापरावा असे कोणी समजू नये. मॅन्युअलमध्ये ‘नवा वापरा’ असे लिहिले असेल तर नवाच वापरायचा.

प्रत्येक गाडीचे प्रत्येक माप या पुस्तकात दिलेले नाही, आणि तसे देणे योग्यही झाले नसते. मॉडेल बदलते, वर्ष बदलते, कधी त्याच मॉडेलच्या दोन वर्षांत बोल्ट बदलतो. शेवटचा शब्द गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा. हे पुस्तक ते मॅन्युअल समजून घ्यायला मदत करील, त्याची जागा घेणार नाही.

वाचकांना एवढेच सांगणे आहे. बोल्ट मागताना जाडी, आटे, लांबी आणि ग्रेड या चारही गोष्टी सांगा. निघालेल्या बोल्टच्या ग्रेडपेक्षा खाली उतरू नका आणि मॅन्युअल सांगत नसेल तर वरही चढू नका. नट त्याच तोडीचा घ्या, आटे स्वच्छ करा आणि टॉर्क रेंचने आवळा. आणि ज्याच्या डोक्यावर खूण नाही असा बोल्ट ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, चाके आणि सीट बेल्ट या पाच ठिकाणी, कोणीही कितीही खात्री दिली तरी, लावू नका.